बोली ‘पात्राच्या तोंडी’च का? सायक्लोस्टाइल, झीन आणि मराठीचे अवतरणचिन्ह

१/ गोंदियाजवळच्या बिरसीची आजची ओळख विमानतळाचे गाव अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. कुंपणापलीकडचा मुलूख मात्र धानाचा आहे आणि त्याची शब्दसंपत्ती स्वतःची आहे. बांध घातलेला शेताचा तुकडा म्हणजे बांधी, तिच्या कडेचा बांध म्हणजे धुरा, लहान तळे म्हणजे बोडी, धानाची रोपे म्हणजे पऱ्हे आणि ती लावण्याचे काम म्हणजे रोवणी. ‘का’ विचारायचे तर ‘काहून’. असे शब्द छापील मराठीत कोणत्या दाराने शिरतात आणि ते दार कोण उघडतो, याचा हा इतिहास.

२/ सरकारी कागदाचे दार या शब्दांना फारसे बंद नव्हते. जमीन मोजायची, पाणी वाटायचे, तर स्थानिक शब्द टाळून चालत नाही. उलट कार्यालयानेच बोलीला एक शब्द दिला. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि मालगुजारांच्या काळातील तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले. दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘मामा तलाव’ तयार झाला. भंडारा-गोंदियात आज तो इतका रुळला आहे की त्यात कोणाचा मामा नाही, हे सांगावे लागते.

३/ साहित्याचे दार निराळे होते. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ ची. महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी चौदा १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांत बोलीला जागा आहे, पण ती नेमून दिलेली. लेखनातील एखाद्या पात्राच्या तोंडी बोलभाषा घालायची असेल, तर ती उच्चाराप्रमाणे लिहावी. म्हणजे ‘पानी’ शेतकऱ्याने म्हणावे. त्याच्याविषयी सांगणाऱ्या लेखकाने ‘पाणी’च लिहावे.

४/ हा नियम महामंडळाने शून्यातून निर्माण केला नव्हता. छापील मराठीची रीतच तशी होती. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची, ‘बनगरवाडी’ १९५५ ची, उद्धव शेळके यांची वऱ्हाडी वळणाची ‘धग’ १९६० ची. या पुस्तकांनी बोलीला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही. तरीही ग्रामीण कथेच्या सर्वसाधारण प्रघातात पात्रे बोलीत बोलत आणि निवेदन प्रमाण मराठीत चाले. बोली अवतरणचिन्हांच्या आत राहिली. कथा सांगण्याचा अधिकार चिन्हांच्या बाहेरच्या भाषेकडे होता.

५/ या प्रघातामागे छपाईचे तंत्रही होते. खिळे जुळवून होणाऱ्या छपाईत हस्तलिखित आधी संपादकाकडे, मग जुळाऱ्याकडे, मग मुद्रितशोधकाकडे जाई. बोलीतले रूप यांपैकी कोणालाही चूक वाटू शकत होते, आणि चूक दुरुस्त करणे हेच त्यांचे काम होते. त्यात दुष्टावा नव्हता. पण तीन चाळण्यांतून जाताना ‘काहून’चे ‘का’ होण्याची शक्यता मोठी होती. बोली छापायची तर चाळण्या कमी करणारे यंत्र हवे होते.

६/ ते यंत्र म्हणजे सायक्लोस्टाइल. मेण लावलेला स्टेन्सिल कागद टंकयंत्रात घालायचा आणि फीत बाजूला सारून टंकन करायचे. अक्षराचा ठोका बसला की तेवढ्या जागचे मेण निघते. तो कागद ढोलावर चढवून दांडा फिरवला की शाई त्या फटींतून कोऱ्या कागदावर उतरते. एका स्टेन्सिलवर काही शे प्रती निघत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्यालयांसाठी बनलेले हे साधन होते: परिपत्रके, सूचना, प्रश्नपत्रिका. लिहिणारा स्वतःच टंकन करी, स्वतःच दांडा फिरवी. मधल्या तिन्ही चाळण्या गळून पडत.

७/ १९५४-५५ च्या सुमारास मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी याच यंत्रावर ‘शब्द’ काढले. विशीच्या आसपासचे तरुण, हाती भांडवल नाही, मागे प्रकाशनसंस्था नाही. मराठीतील लघुनियतकालिकांच्या चळवळीची सुरुवात सहसा येथून मानतात. त्या वेळी भंडारा जिल्ह्यात असलेली बिरसी मराठी राज्यात नव्हतीच. तो जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मराठीच्या केंद्राची आणि तिच्या पूर्व सीमेची घड्याळे वेगळी चालत होती. पुढच्या गोष्टीत हे अंतर महत्त्वाचे ठरते.

८/ हे केवळ मराठीत घडत नव्हते. अमेरिकेत विज्ञानकथांचे चाहते १९३० पासून स्वतःची पत्रे काढत होते. ‘फॅनझीन’ हा शब्द १९४० चा, ‘झीन’ हे त्याचेच तोकडे रूप. १९५९ मध्ये झेरॉक्सचे ९१४ हे यंत्र बाजारात आले आणि स्टेन्सिलचीही गरज उरली नाही. अलाहाबादेत १९६५ मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि त्यांच्या मित्रांनी ‘डॅम यू’ हे चक्रमुद्रित पत्र इंग्रजीतून काढले. बंगालमध्ये १९६१ पासून ‘हंग्री’ पिढीचे कवी पत्रके वाटत होते. यंत्र स्वस्त झाले, की रांगेत सर्वांत मागे उभे असलेले लोक प्रथम छापू लागतात.

९/ झीन आणि बोली यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते स्केटबोर्डिंगच्या जगात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्केटपार्क विम्याच्या खर्चामुळे एकामागून एक बंद पडले. ‘स्केटबोर्डर’ या मोठ्या मासिकाने १९८० मध्ये नाव आणि विषय दोन्ही बदलले. सान फ्रान्सिस्कोत जानेवारी १९८१ मध्ये ‘थ्रॅशर’ निघाले, आणि त्याच वर्षी सिनसिनाटीसारख्या आडबाजूच्या शहरातून ‘स्केट फेट’ हे घरगुती झीन सुरू झाले. मासिकाने पाठ फिरवली तेव्हा पोरांनी फोटोकॉपीच्या यंत्रापुढे रांग लावली.

१०/ या झीनांत लिहिणारा आणि वाचणारा एकाच गल्लीतले असत. शब्दाचा अर्थ कंसात द्यावा लागत नसे. उदाहरणादाखल ‘ऑली’. हातांनी न धरता फळीसह हवेत उसळण्याच्या या कृतीचे नाव कोणत्याही कोशकाराने घडवले नाही. फ्लोरिडातील अॅलन गेलफांड या मुलाने ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस साधली आणि मित्रांत त्याचे टोपणनाव ऑली होते. एका मुलाचे टोपणनाव जगभराच्या खेळाची संज्ञा बनले. कोशाने ते नंतर नोंदवले.

११/ मराठीत मात्र पैज अधिक मोठी होती. तिथे खेळाची परिभाषा ठरत होती. येथे प्रश्न असा होता की साहित्याची भाषा कोणत्या जातीच्या, कोणत्या शहराच्या, कोणत्या पेठेच्या जिभेवर ठरणार. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी समकालीन मराठी साहित्यावर ‘क्ष-किरण’ टाकणारा लेख लिहून खळबळ उडवली. त्याच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. ‘कोसला’त तर खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला मुलगाच निवेदक आहे. त्याची बोलण्याची ढब अवतरणचिन्हांच्या बाहेर पडून सगळे पुस्तक व्यापते.

१२/ ‘कोसला’ रीतसर प्रकाशकाने काढली होती, हेही नोंदवले पाहिजे. दार आतूनही उघडत होते. पण नेमाडे ज्या वर्तुळात वाढले ते लघुनियतकालिकांचे होते. शहाणे यांचे ‘असो’, नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांचे औरंगाबादचे ‘वाचा’, सतीश काळसेकर, तुळसी परब यांच्या गटाचे ‘फक्त’, राजा ढाले यांचे ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ आणि ‘विद्रोह’ अशी नावांची रांगच आहे. ही नावे ऐकतानाच फरक जाणवतो. ज्ञान, प्रकाश, संस्कृती यांची ग्वाही देणारी ही शीर्षके नव्हेत. ‘असो’ हे तर संभाषण संपवण्याचे अव्यय आहे.

१३/ समोर होती ‘सत्यकथा’. मराठी साहित्यात तिचे स्थान मोठे होते आणि तिने घडवलेले लेखकही मोठे होते. पण तिची अभिरुची हाच साहित्याचा एकमेव मानदंड ठरू लागला होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. जाळणे ही वादाची चांगली पद्धत नव्हे. तिच्यामागचा संताप मात्र समजून घेण्याजोगा आहे. ज्याचा शब्द वर्षानुवर्षे ‘साभार परत’ येतो, त्याला नम्रतेचा उपदेश करणे सोपे असते.

१४/ औरंगाबादेत हाच प्रवाह आणखी खोल गेला. मिलिंद महाविद्यालय ही डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये काढलेली संस्था. तेथे गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे नियतकालिक उभे राहिले, ते ‘अस्मितादर्श’ म्हणून प्रसिद्ध झाले. बहुतेक लघुनियतकालिके चार-दोन अंकांत मिटली. ‘अस्मितादर्श’ दशकानुदशके चालले. महाविद्यालयात पहिल्यांदाच पोहोचलेल्या पिढीला तेथे आपल्या वस्तीची भाषा ‘सुधारून’ घ्यावी लागत नव्हती.

१५/ १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ आला. मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरातील दलाल, वेश्या, हमाल, भणंग यांची भाषा कवितेत जशीच्या तशी उतरली. प्रस्तावना विजय तेंडुलकर यांची होती, आणि त्यातील अनेक शब्द आपल्याला उमगत नाहीत, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले. हा क्षण महत्त्वाचा आहे. तोवर प्रमाण मराठी न येणारा अडाणी ठरत असे. येथे मराठीचा एक नामवंत नाटककार शब्दांचे अर्थ विचारणारा विद्यार्थी झाला. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली.

१६/ या चळवळीच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. तिच्या संपादकांत आणि लेखकांत स्त्रिया जवळपास नव्हत्या. ‘रस्त्याची भाषा’ म्हणून जी आली, ती बहुधा रस्त्यावर रात्री उभे राहू शकणाऱ्या पुरुषांची भाषा होती. पाणवठ्यावरची, जात्यावरची, रोवणीच्या रांगेतली नव्हती. शिवी हे काही वेळा धाडसाचे प्रमाणपत्र ठरले. आणि बंडाचा भूगोलही मर्यादित होता. मुंबई आणि औरंगाबाद ही त्याची मुख्य केंद्रे. वैनगंगेच्या पलीकडचा झाडीपट्टीचा मुलूख त्या नकाशावर ठळक दिसत नाही.

१७/ झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी. येथे झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, बाजारात हिंदी आहे आणि पूर्वेला छत्तीसगढीची हद्द आहे. बोलीला येथे कागदापेक्षा रंगमंच आधी मिळाला: दंडार, खडी गंमत, आणि दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके. वडसा हे या नाटकांचे प्रमुख केंद्र. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, असा गावोगावचा रिवाज.

१८/ पण रंगमंचावरही जुनीच वाटणी दिसते. नायक-नायिका प्रमाण मराठीत शोक करतात आणि झाडीबोली बहुतेकदा विनोदी पात्राच्या वाट्याला येते. प्रेक्षक ज्या भाषेत घरी रडतो, त्या भाषेत मंचावर हसतो. महामंडळाच्या नियमातील ‘पात्राच्या तोंडी’ ही चौकट येथे आणखी आकसून ‘विनोदी पात्राच्या तोंडी’ अशी झाली. बोलीचा अवमान नेहमी तिच्यावर बंदी घालूनच होतो असे नाही. तिला फक्त हसण्यापुरती जागा दिली, तरी तो होतो.

१९/ ही चौकट मोडण्याचे काम येथे मोठ्या प्रकाशनगृहांनी केले नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचे शब्द, लोकगीते, दंडार यांचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि १९९० च्या दशकापासून झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलने भरू लागली. झाडीबोलीत केवळ संवाद लिहायचे नाहीत, कविता, कथा आणि विचारही लिहायचा, हा त्यामागचा आग्रह होता. गावात भरणारे संमेलन आणि स्थानिक छापखान्यात निघणारी छोटी पुस्तिका, हीच झाडीपट्टीची लघुनियतकालिके. मुंबईतील चळवळीनंतर जवळपास चार दशकांनी, तिचे नाव न घेता, येथे तेच घडले.

२०/ मुख्य प्रवाहाने पुढे या बंडखोरांना सामावून घेतले. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. चित्रे यांना १९९४ मध्ये आणि कोलटकर यांना २००५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ढसाळ यांना १९९९ मध्ये पद्मश्री, तर नेमाडे यांना २०१४ साठी ज्ञानपीठ. १९९० च्या दशकात ‘शब्दवेध’, ‘अभिधानंतर’, ‘सौष्ठव’ अशी लघुनियतकालिकांची दुसरी लाटही आली. ज्या शब्दांना एकेकाळी छापखान्यात जागा नव्हती, त्यांच्यावर आता प्रबंध लिहिले जातात.

२१/ मग प्रश्न उरतो तो कागदाचा. काही शे प्रती, हलका कागद, टाचणीच्या गंजाने खाल्लेला कोपरा. अनियमित निघणाऱ्या पत्राचे अंक ग्रंथालये नियमाने जमवत नाहीत. वर्गणी नाही, नोंद नाही, बांधणी नाही. म्हणून अनेक शब्दांचा पहिला छापील पुरावा कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत पडून असतो. भाषेच्या इतिहासात पुरावा नसलेला शब्द ‘अलीकडचा’ किंवा ‘अपभ्रंश’ ठरतो. गावात पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेलेला शब्द असा कागदाअभावी आपले वय गमावतो.

२२/ आज दांडा फिरवण्याची गरज नाही; मोबाइलवर कोणीही काहीही प्रकाशित करू शकतो. पण चाळणी परत आली आहे. कळफलक ‘पानी’ लिहिताच ‘पाणी’ सुचवतो आणि ‘काहून’खाली लाल रेघ ओढतो. जुना मुद्रितशोधक निदान माणूस होता, त्याच्याशी भांडता येत असे. शिवाय यंत्राला भाषा शिकवली जाते ती छापील मजकुरावरून. जे छापले गेले नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. सायक्लोस्टाइलच्या काळातील प्रश्न म्हणूनच संपलेला नाही.

२३/ घरात जुनी अनियतकालिके, झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रके, गावच्या संमेलनाच्या स्मरणिका, महाविद्यालयाची चक्रमुद्रित भित्तिपत्रके असतील, तर ती रद्दीत घालू नयेत. वर्ष, गाव आणि छापणाऱ्याचे नाव असलेल्या पानाचे छायाचित्र तेवढे काढून ठेवावे. आणि बांधी, धुरा, बोडी हे शब्द लिहिताना अवतरणचिन्हे गाळून पाहावीत. वाक्य मोडत नाही.